मामांच्या हाताचं माप

एक क्वार्टर म्हणजे एकशे ऐंशी मिलिलिटर. हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात ते आधीपासून फक्त मामांना माहीत होतं.

एका दवाखान्याच्या समाजसेवा विभागाने अंबरपेठेतल्या वस्त्यांमध्ये लोक किती दारू पितात याची पाहणी काढली होती. दारूबंदी उठून फार दिवस झाले नव्हते. जिथे दोन वर्षं कुलूप होतं तिथे काचेची दारं लागत होती आणि आत ‘एसी’ आहे हे बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ, गच्च्यांवरून केबलच्या तारा. सगळ्या गोष्टी एकदम मिळायला लागल्याचे ते दिवस. मी समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते. मराठी, दखनी आणि कामापुरती तेलुगू बोलता येत होती, उन्हात चालायचा कंटाळा नव्हता आणि अक्षर बरं होतं. एवढ्यावर मला घेतलं.

पाहणीचा फॉर्म दहा प्रश्नांचा होता. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. बेरीज आठ किंवा त्याच्या वर गेली की त्या माणसाला गुरुवारच्या तपासणीची चिठ्ठी द्यायची. विभागाच्या प्रमुख एक डॉक्टरबाई होत्या, तेलुगू, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी नियम सांगितले आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवले. प्रश्न छापलाय त्याच क्रमाने विचारायचा. उत्तर ऐकून चेहरा बदलायचा नाही, ‘अरेरे’ नाही, ‘वा’ नाही. अवघड प्रश्न शेवटी ठेवलाय तो शेवटीच विचारायचा, कारण तोवर माणूस सैलावलेला असतो. आणि वस्तीत जाण्याआधी घरच्या कुणावर तरी एकदा सराव करायचा.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. मामा परभणीहून पंधरा दिवसांसाठी आले आणि राहिले ते राहिलेच. लग्न केलं नाही. एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये ते तयार भागांची मापं तपासत. केसाच्या जाडीचा फरक त्यांच्या बोटांना कळतो असं त्यांचे सोबती सांगत. संध्याकाळी साडेसहाला कारखान्याची बस कोपऱ्यावर थांबे, मामा आंघोळ करून गच्चीवरच्या आपल्या खोलीत जात आणि साडेआठला जेवायला खाली येत. मधल्या दोन तासांना आमच्या घरात ‘मामांचा पेपर’ म्हणत. कुणी आलं की आई सांगे, “तो पेपर वाचतोय, बसा.” मामा घेतात हे आम्हा दोघींना माहीत होतं. किती घेतात हे माहीत नव्हतं आणि विचारायची पद्धत नव्हती. ते पडले नाहीत, ओरडले नाहीत, एक दिवस कामाला चुकले नाहीत. मग विचारायचं काय?

सराव अर्थात मामांवरच झाला. रविवारची सकाळ होती, ते गच्चीच्या पायरीवर दाढी करत बसले होते.

“गेल्या वर्षभरात दारू किती वेळा घेतली?” मी छापल्याप्रमाणे विचारलं.

“पेपर किती वेळा येतो?”

“मामा, फॉर्ममध्ये पेपर नाही.”

“मग ते खालचं कर. आठवड्यातून चार किंवा जास्त वेळा. कर खूण, कलेक्टरीणबाई.”

“एका वेळी किती पेग?”

“दोन.”

“नक्की?”

“नक्की असं छापलंय तिथे?” त्यांनी मान वाकडी करून कागद बघितला. “छापलेलंच विचारायचं ना? मग नक्कीबिक्की नक्को.”

असं करत दहाव्यापर्यंत पोचलो. दहावा प्रश्न होता, तुमच्या पिण्याबद्दल घरचं माणूस, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कुणी काळजी व्यक्त केली आहे का. त्याला तीन चौकटी होत्या. नाही. होय, पण गेल्या वर्षभरात नाही. होय, गेल्या वर्षभरात.

मामांचा वस्तरा गालावर थांबला. “तू आत्ता विचारतेयस, ते धरायचं का?”

“नाही हो. हा सराव आहे.”

“मग नाही.”

मी पहिल्या चौकटीत खूण केली. बेरीज चार.

“पास?” त्यांनी विचारलं.

“पास,” मी म्हणाले, आणि फॉर्म वहीत ठेवून दिला.

अंबरपेठेतला पहिला आठवडा फुकट गेला. लोक खोटं बोलत होते असं नाही. प्रश्नच त्यांचा नव्हता. एका घरी नवरा म्हणाला, “नै अम्मा, मैं दारू को हातच नै लगाता.” मी शून्य लिहिलं. आतून बायको हसली. “दारू नै पीते. सेंधी पीते. रोज.” तो खरोखर चिडला. “सेंधी दारू है क्या? झाड से उतरती. ठंडक रैती.” आपण ज्याला शिंदी किंवा ताडी म्हणतो ती तिथे सेंधी, तेलुगूत कल्लू, आणि ती दारूत धरायची नसते हे तिथल्या पोराटोरांना ठाऊक होतं.

दुसरी अडचण मापाची. “कितना पीते?” विचारलं की माणूस हात वर करून दोन बोटं आडवी दाखवी. “इत्ता.” दोन बोटं म्हणजे कुणाची? हमालाची की शिंप्याची? आणि कोणत्या पेल्यात?

मामांना हे सांगितलं तर ते इतके हसले की आई खालून वर आली. “अगं, तुमच्या फॉर्मला शंभर वर्षं खरं उत्तर मिळणार नाही. ‘दारू पीते क्या’ विचारलं की माणूस बायकोकडे बघतो. तू विचार, काम से आके थकान उतारने को क्या लेते. बघ कशी यादी सांगतात.”

“छापलेलंच विचारायचं असतं.”

“मग छापणाऱ्याला सांग बदलायला.”

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि सेंधीसाठी वेगळी ओळ वाढवली. दखनीत फॉर्म नव्हता, तो करायचं काम माझ्यावर आलं, म्हणजे मामांवर आलं. आम्ही दोन रविवार बसलो. दहाव्या प्रश्नातल्या काळजीसाठी मी ‘चिंता’ लिहिलं होतं. मामांनी ते खोडलं. “चिंता म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी सिरियस आहे. फिकर लिही. घर में किसी ने फिकर करी क्या. फिकर साध्या माणसाची पण करतात.”

मापासाठी डॉक्टरबाई म्हणाल्या, भांडी मोजून आण, तक्ता कर. हे माझं आवडीचं काम. आठवडाभर मी अंबरपेठेतून भांडी गोळा केली. सेंधीची बाटली, ठेल्यावरचा काचेचा पेला, लग्नात वाटतात तसला स्टीलचा पेला. विभागातून काचेची मोजनळी आणली. दुकानात पिणाऱ्यांचं सोपं होतं. क्वार्टर, हाफ, सगळं कारखान्यातून मोजून येतं. घरी ओतून घेणाऱ्याचा एक पेग म्हणजे किती, तेवढं राहिलं. त्याला ओतणारा हात हवा होता. आमच्या घरात एकच होता.

तो रविवार मला आजही सगळ्यात जवळचा वाटतो. गच्चीवर उन्हं नुकती आलेली. सतरंजीवर मोजनळी, बादली, पेले, माझी वही. मामा मांडी घालून बसलेले. मी रिकाम्या बाटलीत पाणी भरून दिलं. त्यांनी ओतलं, पेल्याकडे पाहून नाक मुरडलं.

“पाण्याने नाही जमायचं. हात रंगावर चालतो.”

मग मी खाली जाऊन कोरा चहा उकळला, गार केला, गाळून बाटलीत भरला. मामांनी बाटली उन्हात धरून पाहिली. “हां. आता झाली रम.”

त्यांनी स्टीलच्या पेल्यात ओतलं. मी मोजनळीत घातलं. पंच्याण्णव. पुन्हा. चौऱ्याण्णव. पुन्हा. पंच्याण्णव. शेजारच्या गच्चीवर एक निवृत्त मास्तर कपडे वाळत घालत होते. मलकपेठच्या शर्यतींचं त्यांना भारी वेड. मामा त्यांच्याशी घोड्यांबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता ओतत होते, पेल्याकडे न बघता. शहाण्णव. पंच्याण्णव. पंच्याण्णव.

“मामा, बघून तरी ओता.”

“बघितलं तर चुकेल.”

तीस वेळा झालं. मी वहीत तीस आकडे एकाखाली एक लिहिले. सगळ्यांत मिळून फरक दोन मिलिलिटरचा. मला इतका आनंद झाला होता. असा नमुना कुणाला मिळतो? टूलरूमचा हात आहे, मी मनात म्हटलं. आईच्या ड्रेसिंग टेबलातून लाल नेलपॉलिश आणून मी त्या पेल्याच्या आतून पंच्याण्णववर रेघ मारली. मामांनी ती लांबून, जवळून पाहिली.

“ही आता सरकारी रेघ?”

“हो. अख्खं अंबरपेठ तुमच्या हाताने मोजणार.”

“बघ हां,” ते म्हणाले. “जड जाईल अंबरपेठेला.”

मी हसले. तक्त्यात लिहिलं, घरचा एक पेग, पंच्याण्णव मिलि, म्हणजे फॉर्मच्या तीस मिलिच्या हिशेबाने तीन मापं. आणि कामाला लागले. पुढचे दोन महिने मी रोज सकाळी बसने अंबरपेठेला जायची, बारा फॉर्म भरायची, जेवायच्या वेळेला परत. चेहरा कोरा ठेवायला मी फार लवकर शिकले. माणूस काहीही सांगो, माझी भुवईसुद्धा हलत नसे. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या की हे सगळ्यांना जमत नाही. मला ते कौतुक वाटलं.

मग एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझे फॉर्म दोन ढिगांत लावलेले होते.

“हे दुकानात पिणारे. यांच्यात निम्मे ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “हे घरी पिणारे. हे सगळेच्या सगळे आजारी. असं का?”

मी घरी पिणाऱ्यांचा ढीग चाळू लागले.

“घरचा पेग कुणी ओतला?”

“आमच्या मामांनी.”

“आणखी कुणी?”

“नाही. पण तीस वेळा ओतला, मॅडम. फरक फक्त दोन मिलिचा. ते टूलरूममध्ये मापं तपासतात, त्यांचा हात…” मी वही उघडून तो रकाना त्यांच्यापुढे सरकवला. मला वाटलं, आता त्या खूश होतील.

त्यांनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. “मी वीस वर्षं चहात साखर घालते आहे. तीस वेळा तोललीस तर तीस वेगळे आकडे येतील.” वही मिटून म्हणाल्या, “टूलरूममध्ये ते बाटलीतून ओततात का?”

“नाही.”

“मग हा हात टूलरूमचा कसा?”

खिडकीखाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, ती मला शब्दन् शब्द ऐकू येत होती.

“दहा जणांच्या हातांनी पुन्हा मोज,” त्या म्हणाल्या. “तक्ता दुरुस्त कर. आणि मामांना गुरुवारी घेऊन ये.”

मी आधी तक्ता दुरुस्त केला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. विभागाचा ड्रायव्हर, वॉर्डबॉय, शेजारचे मास्तर, असे दहा जण गाठले, प्रत्येकाला गार चहा ओतायला लावला. कुणाचे चाळीस, कुणाचे सत्तर, एकाच माणसाचे एकदा पन्नास, एकदा पासष्ट. सरासरी पंचावन्नच्या आसपास आली. सगळ्या फॉर्मच्या बेरजा पुन्हा केल्या. कामात होते म्हणून मामांशी बोलायला वेळ झाला नाही, असं मी आठ दिवस स्वतःला सांगितलं. मग वहीतून सरावाचा तो फॉर्म काढला. दोन पेग. पंच्याण्णवने गुणले की त्या दोनाचे सहा होतात. तिसरा प्रश्न होता, एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं कितीदा होतात. सरावात मी तिथे ‘कधीच नाही’वर खूण केली होती. खरं उत्तर होतं, रोज.

रविवारी कोरा फॉर्म घेऊन गच्चीवर गेले. मामा कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत होते.

“तक्ता चुकला म्हणे तुझा,” ते म्हणाले. मास्तरांकडून कळलं असणार.

“हो.”

“माझा हात चुकला?”

“तुमचा हात बरोबर आहे, मामा. तीसच्या तीस वेळा बरोबर आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातली पानं कुंडीतच टाकली. पायरीवर येऊन बसले. “विचार.”

मी पहिल्यापासून विचारलं. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. किती, तर “तीन. रविवारी मोजत नाही.” थांबवू म्हटलं आणि थांबवता आलं नाही असं होतं का, तर “होतं.” नंतर वाईट वाटतं का, तर “तू जेवायला थांबतेस तेव्हा.” मी खुणा करत गेले. चेहरा कोरा ठेवण्याची सवय झाली होती. त्या सकाळी ती मोडता मोडेना. खुणा मात्र चौकटीबाहेर जात होत्या.

दहावा प्रश्न मी दखनीत विचारला, त्यांनीच करून दिलेल्या शब्दांत. “घर में किसी ने फिकर करी क्या?”

“मागच्या वेळी तू म्हणालीस, तुझं धरत नाहीत.”

“आता धरते.”

“नियमात बसतं?”

“नाही बसत.”

मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. होय, गेल्या वर्षभरात. मामा कागदावर वाकले.

“त्याचे किती मार्क?”

“चार.”

“फिकरीचे चार!” ते म्हणाले. “सगळ्यात जास्त तिचेच.” बेरीज वीस झाली. त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या हाताने घडी करून खिशात ठेवली. “नापास,” म्हणाले. आणि मग, “तुझ्या आईला मी सांगतो.”

गुरुवारी आम्ही दोघं बसने गेलो. बाकावर अंबरपेठेतली माझीच माणसं बसली होती. तो सेंधी पिणारा नवरा होता, आठवड्यापूर्वी मीच त्याला चिठ्ठी दिलेली. त्याने मामांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि सरकून जागा दिली.

“क्या साब, तुम भी फेल?”

“हौ,” मामा म्हणाले. “सगी भांजी ने फेल करी.”

डॉक्टरबाईंनी त्यांना अर्धा तास तपासलं, गोळ्या दिल्या आणि पहिले आठ दिवस रोज येऊन दाखवायला सांगितलं. ते आठ दिवस वाईट गेले. घाम, कापरं, भात बघवेना. आईने गच्चीवरच्या खोलीतल्या बाटल्या खाली आणल्या आणि मोरीत ओतल्या. मग हळूहळू निवळलं.

आणि पुढचे दहा महिने. त्यांच्याबद्दल मला लिहायचं होतं खरं तर. बाकी सगळं तिथे पोचण्यापुरतं.

साडेसहाला बस यायची, मामा आंघोळ करायचे, आणि सात वाजता घरात हरवलेल्या माणसासारखे उभे राहायचे. “आता या हाताला काय काम देऊ?” म्हणून मग ते चहा करू लागले. तीन कप ओळीने ठेवायचे आणि बोलता बोलता ओतायचे, कपांकडे न बघता. तिन्ही कपांत चहा एकाच उंचीला. आई म्हणायची, “बघ गं, पट्टी लावल्यासारखा.” आणि मग नजर वळवून आपला कप उचलायची.

चहा झाला की आम्ही दोघं कचिगुडा स्टेशनला चालत जायचो. फलाट तिकीट काढून बाकावर बसायचं. मराठवाड्याकडची गाडी लागलेली असे. मामा माणसं ओळखायचे. “ही नांदेडची. लोणच्याची बरणी मांडीवर धरलीय बघ. हा परभणीचा, जावई असणार, नवी चप्पल चावतेय त्याला.” मी म्हणे, कशावरून? तर म्हणत, “जाऊन विचार. छापलेलंच विचार पण.” एकदा मी खरंच जाऊन विचारलं. तो माणूस सेलूचा निघाला, पण जावई होता. मामा आठवडाभर त्यावर खूश होते. आम्ही त्या बाकावर कधी कामाचं बोललो नाही. गाडी सुटली की शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत ते बघत आणि मग म्हणत, “चला, आई वाट बघत असेल.” ‘ताई’ नाही, ‘तुझी आई’ नाही, नुसती आई. मी चोविसाव्या वर्षी पुन्हा सात वर्षांची झाले होते आणि या खेपेला मला वडील होते. त्यातली एक संध्याकाळ मिळावी म्हणून मी काय देईन याची यादी करायला बसले तर वही पुरणार नाही.

माझं लग्न ठरलं. पुण्याचा मुलगा, संगणकातली नोकरी. लग्नात मामांनी पाहुण्यांना सरबत ओतलं, सगळ्यांना सारखं. सिकंदराबादला गाडीत बसवून द्यायला आले तेव्हा मी खिडकीतून विचारलं, “फिकर करू ना?” ते म्हणाले, “चार मार्काची कर.”

पाच-सहा महिन्यांनी कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती आली. टूलरूममध्ये नवी यंत्रं आली होती, ती आपलं माप आपणच तपासत. मामांनी सही केली. मला पत्राने कळवलं, दोन ओळींत.

मी दर रविवारी सकाळी पुण्यातल्या एसटीडी बूथवरून फोन करायची. मागे रांग असे, म्हणून विचारायच्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्यायची. आईचा गुडघा. गॅसचा नंबर लागला का. पाण्याचा टँकर. मास्तरांच्या मुलीचं जमलं का. मामांचं जेवण. मामांची झोप. सातवं, शेवटचं, नुसतं ‘फिकर’. अवघड ते शेवटी, माणूस सैलावल्यावर. फॉर्मनेच ती सवय लावली होती. मामांच्या लक्षात आलं होतं.

“तुझ्या यादीतलं किती राहिलं गं?”

“एकच.”

“मग ते पुढच्या रविवारी. मागे माणसं खोळंबली असतील.”

आणि मी फोन ठेवायची. माझ्या मागे खरंच माणसं उभी असत. मामांचा आवाज खणखणीत असे. सकाळी दहाला इतका खणखणीत का, सकाळीच घेतली का, हा प्रश्न मी अंबरपेठेत कुणालाही विचारला असता. पुढचा रविवार यायचा, पुढची चिठ्ठी, सातवी ओळ. असे दीड वर्षाचे रविवार गेले.

मग पुण्यात आमच्या शेजाऱ्यांकडे आईचा फोन आला. मी पोचले तेव्हा मामा त्याच दवाखान्यात होते, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. शुद्धीत होते.

“फॉर्म आणलास?”

“नाही, मामा.”

“बरं केलंस,” म्हणाले, आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा हात कापत होता. त्या आठ दिवसांखेरीज मी तो कापताना पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पेला माझ्याकडे आहे. लाल रेघ बरीच उडाली आहे, पण कुठे होती ते दिसतं. मी सकाळी त्यात गोळ्या घ्यायचं पाणी ओतते, दुसरीकडे बघत, आणि नंतर पाहते. कधी वर असतं, कधी खाली.

मुलगा परगावी आहे. त्याला फोन करताना मी अजूनही यादी करते, फक्त शेवटची ओळ आधी विचारते. तो वैतागतो, “आई, आधी हॅलो तरी म्हण.”

आणि तो फॉर्म. बेरीज वीस असलेला, खुणा चौकटीबाहेर गेलेला. डॉक्टरबाईंनी तो पाहणीत धरला नाही, मला परत दिला. तो वहीत आहे, सरावाच्या फॉर्मशेजारी. दहाव्या प्रश्नाची पहिली चौकट मी हसत हसत भरली होती, तिसरी नियम मोडून. मधलीत मी कधी खूण केली नाही. अंबरपेठेतही फारशी कुणाची तिथे आली नव्हती. पुण्यातले ते रविवार होईपर्यंत मला ती चौकट उगाच वाटायची. होय, पण गेल्या वर्षभरात नाही. तिचे दोन गुण.